चंद्राबाईची बातमी

राजाजीनगरात त्या काळी घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. कामगारांसाठी बांधलेल्या बैठ्या घरांची एक ओळ होती, तिच्यापुढं निलगिरीची झाडं, आणि पलीकडं सिटी बस जिथून वळायची तो चौक. त्या ओळीतल्या एका घरात नागनाथ राहायचा. निपाणीकडचा माणूस, कारखान्यात फिटर. घरात त्याची विधवा बहीण गंगव्वा आणि दोन मुलं. थोरली विमला, धाकटा उमाकांत.

मुलांची आई चंद्राबाई विषमज्वरानं गेली तेव्हा विमला चार वर्षांची होती आणि उमाकांत रांगत होता. पुढं कारखान्याकडून हे घर मिळालं आणि नागनाथ चिकपेटमधली भाड्याची खोली सोडून इकडं आला. त्या गल्लीत तो पुन्हा फारसा फिरकला नाही.

घरात चंद्राबाईचा एकही फोटो नव्हता. लग्न खेडेगावात झालेलं, तिथं फोटोग्राफर कुठला? बंगळूरला आल्यावर अव्हेन्यू रोडवरच्या स्टुडिओत जाऊन एक चांगला फोटो काढायचा असं दोघांनी ठरवलं होतं. पण आधी बाळाचं जावळ होऊ दे, मग दिवाळी होऊ दे, असं म्हणता म्हणता ते राहून गेलं. माहेरच्यांना विचारावं तर चंद्राबाई मामाकडं वाढलेली पोरकी मुलगी, आणि मामाही आता नव्हता. गंगव्वानं भावजयीला बघितलं होतं ते लग्नात तेवढं. मुंडावळ्या बांधलेली, मान खाली घातलेली. "धड तोंड कुठं बघायला मिळालं मला," असं ती म्हणायची आणि कामाला लागायची.

विमलाला स्वतःला काय आठवत होतं? ओल्या लुगड्याचा गारवा, शिकेकाईचा वास, बांगड्यांचा आवाज. चेहऱ्याच्या जागी मात्र काहीच नव्हतं. ती डोळे घट्ट मिटून बसायची, पण त्या जागी कोणी यायचं नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत शेजारची मुलं आपापल्या गावी जायची. नागनाथला लांबची रजा मिळत नसे, आणि गावी आता वाट बघणारं कोणी उरलंही नव्हतं. म्हणून चंद्राबाई गेल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत एका रविवारी तो मुलांना घेऊन कबन पार्कात गेला, आणि ऊन वाढलं तसा सावलीसाठी शेजारच्या लाल म्युझियममध्ये शिरला. खालच्या मजल्यावर दगडी मूर्ती, जुनी नाणी, भाल्याची पाती. वर एका कोपऱ्यातल्या खोलीत चित्रं लावलेली होती. तिथं एका चित्रापुढं विमला थांबली.

चित्रात एक बाई ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. हिरवं लुगडं, मानेवर सैल अंबाडा, खाली झुकलेला गोरा, शांत चेहरा. बाजूनं सकाळचं ऊन आलेलं. विमलानं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आप्पा, आई अशी होती?"

उमाकांतला कडेवर घेऊन नागनाथ उभा होता. त्यानं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाला, "हो. अशीच."

तेव्हापासून दरवर्षी मे महिन्यात एक रविवार त्यांचा ठरलेला झाला. आदल्या दिवशी गंगव्वा कपडे नीळ घालून धुवायची, सकाळी डब्यात चित्रान्न भरून द्यायची. बसमध्ये विमला खिडकीशी बसायची आणि यंदा आईला काय काय सांगायचं ते मनात जुळवायची. चित्रापुढं गेल्यावर ती ओठ न हलवता सगळं सांगायची. पास झाले. उमाकांतला गोवर आला होता. आत्तीचा गुडघा दुखतो. पहारेकरी कन्नडमध्ये हात न लावायला बजावायचा, पण त्यालाही ही तीन माणसं ओळखीची झाली होती. विमलाला तो चेहरा पाठ झाला. रात्री डोळे मिटले की आता तिथं कोणीतरी यायचं, आणि ते हिरव्या लुगड्यातलं असायचं.

मुलांची शाळा चिकपेटमध्ये होती. विठ्ठलाच्या देवळामागं दोन खोल्या, वर कौलं. शिकायला येणारी मुलं दोन तऱ्हेची होती. काही चिकपेटमधल्या जुन्या मराठी घरांतली. त्यांचे पूर्वज कधी इकडं आले ते त्यांनाही सांगता येत नसे, आणि त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड असायची. बाकीची कारखान्यात आणि संशोधनसंस्थांत नोकरीला आलेल्या लोकांची. ही मुलं एका बाकावर बसायची, पण त्यांची घरं एकमेकांकडं जात नसत. नव्या लोकांना जुन्यांचं मराठी अशुद्ध वाटायचं आणि जुन्यांना नवे लोक ताठ वाटायचे.

हेमलताबाई पुण्याच्या. त्यांचे यजमान मल्लेश्वरमजवळच्या मोठ्या संस्थेत कामाला होते म्हणून त्या इकडं आल्या होत्या. घरात करमेना तेव्हा शाळेत शिकवायला लागल्या. आल्या त्याच वर्षी त्यांनी 'शाळावार्ता' नावाचा कागद सुरू केला. जांभळ्या शाईनं सगळा मजकूर लिहायचा, तो कागद सरसाच्या तबकावर उलटा दाबायचा, आणि मग त्या तबकावर कोरे कागद एकामागून एक ठेवून उचलायचे. पहिल्या प्रती ठसठशीत निघायच्या, शेवटच्या इतक्या फिक्या की खिडकीशी धरून वाचाव्या लागत. कुणाच्या गाईला कालवड झाली, कुणाच्या काकांनी नवं शिवणयंत्र घेतलं, कुठल्या मुलीनं पाढे न चुकता म्हटले, असल्या बातम्या. मुलांनी सांगायच्या, बाईंनी लिहायच्या. महिन्याला एक कागद घरोघर जायचा. गंगव्वाला वाचता येत नव्हतं, म्हणून विमला तो मोठ्यानं वाचायची, आणि गंगव्वा प्रत्येक बातमीवर, ओळखीची माणसं असोत वा नसोत, आपलं मत द्यायची.

एकोणसाठच्या जूनमध्ये शाळा उघडली. विमला चौथीत होती. सुट्टीत आपापल्या घरच्यांबरोबर कुठं गेला ते लिहून आणा, असं बाईंनी सांगितलं. कुणी बेळगावला गेलं होतं, कुणी म्हैसूरला. विमलानं लिहिलं:

"सुट्टीत आमचे कुटुंब म्युझियममध्ये आईला भेटायला गेले. आमची आई वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत आहे. ती तांदूळ निवडते. तिला उमाकांतचा दात पडल्याचे सांगितले. नंतर पार्कात शेंगा खाल्ल्या. विमला नागनाथ, इयत्ता चौथी."

हेमलताबाईंनी तिला जवळ बोलावून विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिथं आईचं चित्र आहे. बाईंना वाटलं, कोण्या चित्रकारानं खरंच काढलं असेल. त्यांनी एकही शब्द न बदलता ते छापलं.

त्या महिन्याची 'शाळावार्ता' नुसती वाचून बाजूला ठेवली गेली नाही. चिकपेटच्या गल्लीतल्या बायका आणि मल्लेश्वरमच्या बायका पहिल्यांदाच एका गोष्टीवर बोलायला लागल्या. बिचारी पोरं सुट्टीत आईला भेटायला जातात, आणि आई भिंतीवर. नागनाथनं तो कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवून दिला. गंगव्वाला वाटलं, त्याला बायकोची आठवण झाली असेल.

चिकपेटमध्ये सकवारबाईंची रेशमी लुगड्यांची पेढी होती. त्यांच्या नाती त्याच शाळेत जायच्या. गुडघ्यांमुळं सकवारबाई घराबाहेर क्वचितच पडत. नातीनं बातमी वाचून दाखवली आणि 'विमला नागनाथ' हे नाव आलं तशा त्या उठून बसल्या. त्यांच्याच घरामागच्या खोलीत भाड्यानं राहणारा नागनाथअण्णा. ही त्याची विमी. चंद्राचं चित्र निघालंय, आणि आपल्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही? त्यांनी हेमलताबाईंना निरोप धाडला की रविवारी सगळ्यांनी मिळून जायचं, टांगे आपण करू.

त्या रविवारी नागनाथला जादा ड्यूटी होती आणि उमाकांतला ताप होता, म्हणून गंगव्वा घरीच राहिली. विमला एकटीच बाईंबरोबर गेली. सात-आठ बायका, नटूनथटून, कुणाच्या हातात हळदीकुंकवाचा करंडा, कुणाकडं गजरा. विमला सगळ्यांच्या पुढं होती. एवढ्या माणसांना आई दाखवायची म्हणून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. जिना चढून, दोन खोल्या ओलांडून ती थेट चित्रापाशी गेली आणि बाजूला सरकून उभी राहिली.

बायका हळहळल्या. किती सुरेख, म्हणाल्या. एकीनं करंडा उघडला तसा पहारेकरी धावत आला. त्याची समजूत घालेपर्यंत मागून नातीचा हात धरून सकवारबाई पोचल्या. त्यांनी चष्मा पदरानं पुसला आणि चित्राकडं निरखून बघितलं.

"ही चंद्रा नव्हे गे," त्या म्हणाल्या.

करंडा उघडला होता तिनं तो मिटला. हेमलताबाईंनी सावरायला बघितलं. चित्रकार कधी कधी आपल्या मनानं थोडं बदलतात, म्हणाल्या.

"बदलू देत की. पण ही कशी बसलीय बघा. चंद्रा अशी बसणारी नव्हती."

त्या मनात येईल ते बोलून गेल्या. विमला त्यांच्या कोपराशी उभी आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा पोरगी जिन्याकडं निघाली होती.

संध्याकाळी नागनाथ घरी आला आणि मागच्या दाराशी बसून हाताचं ग्रीस रॉकेलच्या बोळ्यानं पुसायला लागला. विमला येऊन चौकटीत उभी राहिली.

"आप्पा, ती आई नाही?"

नागनाथनं वर बघितलं नाही. एक एक बोट पुसत राहिला. मग म्हणाला, "नाही."

"मग हो का म्हणालात?"

"तू विचारलंस आणि मी आठवायला गेलो, विमी. तिचं तोंड डोळ्यापुढं आणायला गेलो तर येईना. जाऊन पुरतं वर्षसुद्धा झालं नव्हतं. मलाच भ्या वाटलं. त्या चित्रातल्या बाईचा अंबाडा तेवढा तिच्यासारखा होता. म्हटलं, हीच असू दे. तुम्हालाही झाली, मलाही झाली."

विमलाला त्याचा राग आला नाही, किंवा आला तो वेगळ्याच गोष्टीचा आला. इतकी वर्षं आपण मनातलं सगळं एका परक्या बाईला सांगत होतो, या विचारानं तिला लाज वाटली, आणि ते सगळ्या बायकांसमोर उघडं पडलं म्हणून जास्तच वाटली. ती पोटात दुखतं म्हणून शाळेत जाईना. गंगव्वानं ओव्याचं पाणी दिलं, कपाळाला अंगारा लावला. रात्री डोळे मिटले की हिरव्या लुगड्यातली बाई अजून येत होती, आणि विमला उठून बसायची.

उमाकांत मात्र रोज शाळेत जात होता. त्याच्याकडून हेमलताबाईंना कळलं की ताई येत नाही. त्यांना फार लागलं. आपण विचारपूस न करता छापलं म्हणून हे झालं, असं त्यांनी घेतलं. घरी जाऊन माफी मागावी की तो विषयच काढू नये, याचा विचार करत त्या वर्गात बसल्या होत्या. एवढ्यात दारात टांगा थांबला आणि सकवारबाई उतरल्या. शाळेची पायरी त्या पहिल्यांदाच चढत होत्या. आत येऊन मुलांच्या बाकावर कशाबशा टेकल्या आणि म्हणाल्या, "मी बोलून चुकली. पण जे बोलली ते खोटं नाही. आता मी सांगते, तुम्ही लिहा. तुमच्या पेपरात घाला."

हेमलताबाईंनी दौत पुढं ओढली. सवयीनं त्यांनी पहिलं वाक्य जरा शुद्ध करून लिहिलं, मग खोडलं, आणि पुढं सकवारबाई जसं बोलत गेल्या तसंच लिहीत गेल्या.

पुढच्या महिन्याचा कागद उमाकांतनं आणला. संध्याकाळची वेळ होती, गंगव्वा चुलीपाशी शेंगदाणे भाजत होती. वाच की, म्हणाली. विमलानं नको म्हटलं. मग पहिल्याच ओळीवर तिची नजर गेली आणि ती खाली बसली. वाचायला लागली.

"चंद्राबाईची बातमी. सांगणार सकवारबाई, चिकपेट. चंद्रा काळीसावळी, माझ्याहून वीतभर उंच. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. हसली की गल्लीच्या तोंडाला कळायचं. तिला एका जागी बसवत नव्हतं. जेवायची पण उभ्यानंच, मी रागं भरायची. तांदूळ निवडायला दिले तर चालत चालत निवडायची, निम्मे खडे तसेच राहायचे. नागनाथअण्णा रातपाळीवरनं येऊन निजला की ही त्याची सायकल काढायची आणि मागच्या गल्लीत शिकायची. लुगड्याचा काचा मारून. पडायची, उठायची. मी खिडकीतनं बघायची. एकदा मला बघितलं तर म्हणली, अक्का, कुणाला सांगू नका, स्वल्प यायला लागलीय. विमी पोटात राहिली तशी मी सायकल सोडायला लावली. तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गाणं तिला येत नव्हतं. पोरांना निजवायला शिट्टी वाजवायची. बाईनं शिट्टी वाजवू नये म्हणून मी सांगितलं, तर सरी अक्का, बरं अक्का म्हणली आणि परत वाजवली. तिचं चित्र कुणी काढलं नाही. फोटो काढला असता तरी हललेलाच आला असता."

विमला थांबली. शेंगदाणे करपायला लागले होते, पण गंगव्वाचं तिकडं लक्ष नव्हतं. नागनाथ कधी घरात आला कोणाला कळलं नव्हतं. तो दाराशी, डबा हातात धरून उभा होता.

"दोन नव्हे," तो म्हणाला. "चार दिवस बोलली नव्हती. आणि अक्कांशी नव्हे, माझ्याशी. मी काही केलंच नव्हतं."

गंगव्वा हसली, आणि हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला. उमाकांतनं विचारलं, आई चिडायची का? नागनाथ डबा खाली ठेवून भिंतीला टेकला. चिडली की ती कन्नडात बोलायची, म्हणाला. शहाण्यासारखं बोलायचं ते मराठीत, भांडायचं ते सगळं कन्नडात. मला अर्धं कळायचं नाही, मग मी अक्कांकडं जाऊन अर्थ विचारायचो, आणि अक्का हसत सुटायच्या. तो सांगत गेला. एकातून दुसरं निघत गेलं. एवढं सगळं त्याच्यापाशी आहे हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

"आणि शिट्टी?" उमाकांतनं विचारलं.

नागनाथ जरा लाजला. मग त्यानं ओठ जुळवले. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा तीन सूर आले, वर चढणारे दोन आणि खाली येणारा एक, लांबवलेला.

विमला ताठ बसली. हे तिच्या ओळखीचं होतं. झोपेच्या काठावर कधी कधी तिला ते ऐकू यायचं आणि तिला वाटायचं, बाहेर निलगिरीवर कुठलंतरी पाखरू आहे. सकाळी उठून ती झाडांत बघायची, पण तसं पाखरू तिला कधी दिसलं नव्हतं. "परत," ती म्हणाली. नागनाथनं परत वाजवली. ती उठून त्याच्याजवळ जाऊन बसली आणि मग खूप रडली. कोणी तिला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. सकवारबाईंनी तिला बोलावून घेतलं, मागची गल्ली दाखवली, खोली दाखवली. त्या खोलीत आता लुगड्यांचे गठ्ठे होते. मग दर शुक्रवारी शाळा सुटली की ती त्यांच्याकडं जायला लागली. नागनाथही एकदा तिला न्यायला म्हणून आला आणि बराच वेळ बसला.

म्युझियमला जाणं बंद झालं नाही. पुढच्या मे महिन्यात तर चिकपेटची आणि मल्लेश्वरमची कितीतरी घरं मिळून गेली, डबे घेऊन, लहानमोठी सगळी. त्या कोपऱ्यातल्या खोलीत विमला गेली तेव्हा तिनं पहिल्यांदाच चित्राच्या खालच्या कडेला असलेली सही बघितली. सुपातले तांदूळ किती बारीक रंगवलेत ते बघितलं. ही बाई कोण असेल, हिला मुलं असतील का, असं तिच्या मनात आलं. तिनं मनातल्या मनात तिला नमस्कार केला आणि शेजारच्या चित्राकडं वळली. ते तिनं आजवर कधी नीट बघितलंच नव्हतं.

पुढं हेमलताबाईंच्या यजमानांची बदली झाली. नव्या बाई आल्या त्यांना सरसाचं तबक जमलं नाही, आणि 'शाळावार्ता' आपोआप बंद पडली. विमला मल्लेश्वरमच्या हायस्कुलात गेली. राजाजीनगरातले मोकळे प्लॉट भरत गेले.

त्या वर्षांतलं तिला सगळ्यात जास्त आठवतं ते घरातलं बोलणं. आधी चंद्राबाईचं नाव घरात निघत नसे. आता नागनाथ दाढी करता करता, चपलेचा अंगठा शिवता शिवता मधेच थांबायचा. "तुझ्या आईला कढीपत्ता आवडायचा नाही, बघ," असं एकदम म्हणायचा, आणि परत हातातल्या कामाला लागायचा.